शिळं पाणी

मंगळवार पेठ, कोल्हापूर
ता. ६ डिसेंबर १९५३

सौ. चिमणाबाई हिस,

आकारामचे आशीर्वाद. बायकोला पत्र लिहिताना आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिले. नको असतील तर बाजूला ठेव. तू माहेरी गेल्याला चौदा महिने झाले आणि चौदा महिन्यांत हे माझं पहिलं पत्र, तेव्हा तू रागात असणारच.

पत्र तुझा भाऊ वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. जोतीराम, बाबा, सावकाश वाच. शाळेत पोरांपुढं वाचतोस तसं गाडी सोडल्यागत वाचू नकोस, आणि मधेमधे आपल्या पदरचं घालू नकोस.

मी बरा आहे. स्टुडिओत सुतारकाम पहिल्यासारखं राहिलं नाही, महिन्यातून एखादा सेट उभा करतो. दोन वेळचं शिजवतो. भाकरी थापता येत नाही, कडा फाटतात, म्हणून समोरच्या शालूबाई दोन भाकऱ्या पाठवून देतात. आमटी माझी मीच करतो आणि ती मलाच खावी लागते.

लिहायचं कारण असं की फेब्रुवारीत इथं शेतीचं आणि उद्योगाचं मोठं प्रदर्शन भरतंय. त्यात यंदा काचेच्या पेटीत मासे पाळणाऱ्यांचं वेगळं टेबल ठेवलंय. हायस्कुलात सायन्स शिकवणारे अंबादास मास्तर म्हणून आहेत, त्यांच्याकडं ते काम आहे. त्यांनी फॉर्म छापलाय. नाव, पेटी किती फूट, मासे कोणते, आणि सगळ्यात खाली पाळणाऱ्याची पायरी: नवशिका, माहितगार की तज्ज्ञ. ही पायरी ज्याची त्यानं ठरवायची आहे.

मी दुसऱ्यांदा विचारसुद्धा केला नाही. ठोकून ‘तज्ज्ञ’ लिहिलं. तालमीत जसा वस्ताद असतो तसा पेठेत मी माशांचा वस्ताद आहे, हे पोराटोरांनाही माहीत आहे. येणाजाणारा दारात थांबून सोनेरी मासे बघतो. पावणे आले की लोक त्यांना मुद्दाम माझ्याकडं घेऊन येतात. आणि पेटी तरी कुणी केली? तुला माहीत आहे, पण जोतीरामला नसेल म्हणून लिहितो. सिनेमातल्या जहागीरदाराच्या दिवाणखान्यासाठी मी ती केली. लोखंडी चौकट, जाड काचा, सांध्यांत माझ्या हातानं मळून भरलेली खडू-तेलाची लांबी. आजवर थेंब गळलेला नाही. शूटिंग संपल्यावर मॅनेजर म्हणाला, पेटी मोडून टाक आणि मासे दे गटारात सोडून. मी दोन्ही घरी आणलं.

माझी पद्धत अजून तीच आहे. रोज सकाळी सगळं पाणी उपसायचं, काचा राखेनं घासायच्या, नळाचं ताजं पाणी भरायचं. आमच्या आईनं घरात शिळं पाणी कधी ठेवू दिलं नाही. घागरीत तळाशी तांब्याभर उरलं असलं तरी ती ओतायची, घागर घासायची आणि मगच भरायची. जे माणसाला तेच माशाला.

त्या मेलेल्या चार माशांचं मी मनात धरलेलं नाही. मी शूटिंगला चंदगडकडं गेलतो तेव्हा तुझ्याकडून हयगय झाली. होते चूक माणसाकडून. मीही त्या दिवशी नळावर एक वाक्य जास्तीचं बोललो. राग आला की तोंडाला लगाम राहत नाही हे तू बारा वर्षं बघितलंयस.

तर तू यावंस. प्रदर्शनात टेबलाशी बायको उभी असली म्हणजे बरं दिसतं. तुझं हिरवं लुगडं ट्रंकेत आहे. कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला घातलाय.

आकाराम

मंगळवार पेठ, कोल्हापूर
ता. २७ डिसेंबर १९५३

चिमणा,

उत्तर आलं नाही. तुझ्या माहेरी नेसरीला टपाल उशिरा जात असेल असं धरून हे दुसरं पत्र लिहितो.

गेल्या रविवारी फॉर्म द्यायला अंबादास मास्तरांच्या घरी गेलतो. त्यांच्या पडवीत तीन पेट्या आहेत. बघितल्या आणि मनात म्हटलं, हा काय मास्तर. काचेला हिरवी बुरशी धरलेली, तळाला पाला कुजलेला, पाणी रंकाळ्याच्या कडेला असतं तसं. स्वतःच्या स्वयंपाकघरात सोवळ्याचं पाणी वेगळं भरणारा माणूस, आणि माशांना असं ठेवतो.

त्यांनी फॉर्म वाचला. ‘तज्ज्ञ’वर बोट ठेवून म्हणाले, “वा. मेस्त्री, तुमचा सगळ्यांत जुना मासा किती वर्षांचा?”

“माझ्याकडं येऊन दीड महिना झालाय,” मी म्हटलं.

“आणि त्याच्या आधीचे?”

“गेले.”

“किती गेले असतील?”

“सात-आठ.”

हे मी खोटं सांगितलं. तुला खरं सांगतो, कारण मास्तरांना सांगायची मला लाज वाटली आणि दुसरं कुणी सांगायला नाही. तू गेल्यापासून माझ्याकडं एक्केचाळीस मासे मेले. आपल्या स्टुडिओतला गुंडू आता मुंबईला कामाला आहे. तो डबे भरून मासे पाठवतो, मिरजेवरून येणाऱ्या गाडीनं ते येतात आणि मी स्टेशनावरून उतरवून घेतो. मासा मेला की पेठ जागी व्हायच्या आत काढायचा, घरामागच्या परड्यात पुरायचा आणि त्याच रंगाचा दुसरा सोडायचा. लोक म्हणतात, मेस्त्रींचे मासे वर्षभर तसेच्या तसे आहेत. मी मिशीवर हात फिरवतो.

मास्तरांनी विचारलं, “पाणी किती दिवसांनी बदलता?”

“रोज,” मी छाती काढून सांगितलं.

“सगळं?”

“सगळं. वर काचा राखेनं घासतो.”

ते हसले असते तर मी भांडलो असतो. पण हसले नाहीत. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. मग म्हणाले, “नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं, मेस्त्री. आपल्याला ते चालतं, माशाचे कल्ले त्यानं भाजतात. ते पाणी मातीच्या डेऱ्यात दोन दिवस उघडं ठेवायचं आणि मग थोडंथोडं घालायचं. पेटीतलं तीन हिस्से जुनं पाणी हलवायचंच नाही. ते मुरलेलं असतं, मासे त्यावर जगतात.”

“म्हणजे शिळं पाणी?”

“शिळंच.”

मी फॉर्म परत घेतला आणि चहा अर्धा टाकून उठलो. वाटेत ठरवलं, हा माणूस पुस्तकातलं बोलतो. घरी आल्यावर मात्र फॉर्मवरचं ‘तज्ज्ञ’ खोडलं आणि ‘माहितगार’ लिहिलं. एक्केचाळीस मासे हाताखालून गेलेला दुसरा माणूस अख्ख्या कोल्हापुरात नसेल, तेव्हा माहितगार तरी मी आहेच.

संध्याकाळी घरात करमत नाही. आता मी ताट घेऊन पेटीजवळच बसतो. मासे काही बोलत नाहीत, पण निदान हलतात तरी. शेजारच्या घरातनं माणसांचे आवाज येतात तेव्हा मी उगाच भांडी वाजवतो, म्हणजे आमच्याकडंही कुणी आहे असं वाटावं. जोतीराम, हे वाचलं नाहीस तरी चालेल.

आकाराम

मंगळवार पेठ, कोल्हापूर
ता. २४ जानेवारी १९५४

चिमणा,

तू उत्तर देत नाहीस ते बरोबर आहे. हे पत्र वाचल्यावर तर देऊच नकोस असं तुला वाटेल. तरी ऐक.

मास्तरांचं बोलणं खोटं पाडायचं म्हणून मी त्यांच्या सांगण्याप्रमाणं केलं. तीन मासे उरलेत. कुंभारवाड्यातनं डेरा आणला. पाणी उपसायचं बंद केलं. पहिले चार दिवस हात शिवशिवायचे. सकाळी उठलो की पाय आपोआप बादलीकडं वळायचे, म्हणून बादलीच शालूबाईंकडं नेऊन ठेवली. त्या म्हणाल्या, “मेस्त्री, पाणी हिरवं हुईल. घाण वास मारंल की ओ.” मी म्हटलं, “मारू दे.”

वास मारला नाही. आठव्या दिवशी काचेवर हिरवं धरलं. पंधराव्या दिवशी मासे ते हिरवं खुडून खायला लागले. आज महिना होत आला, एकही मेला नाही. पाण्यात बोट घातलं की तिघंही येऊन बोटाला तोंड लावतात. असं माझ्याकडं आजवर कधी झालं नव्हतं, आणि परवा ते बघून मला आनंद व्हायचा तर मी बोट काढून घेतलं. कारण असं हिरवं पाणी आणि असे धष्टपुष्ट मासे मी आधी एकदा बघितले होते.

चाळीस दिवस मी चंदगडच्या रानात होतो. परत आलो तेव्हा चारही मासे पोटानं गोल झालेले आणि पाणी हिरवंगार. मी माशांकडं बघितलंच नाही, पाणी बघितलं. पिशवी खाली ठेवायच्या आत ओरडायला लागलो. तू म्हणालीस, “पानी टाकू नगासा. त्येस्नी सवय झालीया.” मी बादली घेतली. तू म्हणालीस, “आमच्या हिरीचं पानी कोण बदलतंय? तितं मासं न्हाईत व्हय?” मी म्हटलं, गप. ते तू विहिरीवर वाढलेली बाई म्हणून बोललीस, आणि मी सिनेमाची पेटी बनवणारा म्हणून ऐकलं नाही. सगळं पाणी उपसलं. काचा घासल्या. नळाचं गार पाणी धो धो भरलं. सकाळी चारही मासे पोट वर करून तरंगत होते.

मास्तरांना हे सांगितलं. माशांचा खरा आकडाही सांगितला. त्यांनी विचारलं, “ते चाळीस दिवस मासे कुणी सांभाळले?” मी म्हटलं, मंडळींनी. ते म्हणाले, “मग तुमच्या घरात मासे कळणारं माणूस होतं, मेस्त्री. तुम्ही नव्हे.”

आता ते वाक्य. पहिल्या पत्रात मी ‘एक वाक्य जास्तीचं’ असं लिहून पुढं सरकलो. जोतीराम, इथं थांब. आईला बोलव, घरात असतील नसतील त्यांना बोलव, शेजारचेही येऊ देत, आणि मग मोठ्यानं वाच. मी लोकांत बोललो, तेव्हा परत घ्यायचं तेही लोकांतच घ्यायला पाहिजे.

त्या सकाळी नळावर पेठेतल्या पंधरा-वीस बायका आणि गडी उभे होते. मी मेलेले मासे सुपात घालून तिथं घेऊन गेलो आणि सगळ्यांना दाखवत म्हणालो, “हिच्या हातात जीव टिकत न्हाय. बनी बी न्हाय टिकली.”

आपली बनी पाच महिन्यांची होऊन तापानं गेली. तिला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. तू घागर तिथंच ठेवलीस. अंगावरच्या लुगड्यावर स्टँडवर गेलीस आणि गडहिंग्लजच्या गाडीत बसलीस. मी तुझ्यामागं आलो नाही. मी म्हटलं, येईल चार दिवसांनी, जाते कुठं.

ते वाक्य खोटं होतं. तुझ्या हातात जीव टिकत होता. माझ्याच हातात टिकत नाही, हे आता मला एक्केचाळीस वेळा कळलंय. बनीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. ती मी भावाच्या तोंडून तुला ऐकवणार नाही.

फॉर्मवरचं ‘माहितगार’ही खोडलं.

आकाराम

मंगळवार पेठ, कोल्हापूर
ता. २१ फेब्रुवारी १९५४

चि. जोतीराम यास,

आशीर्वाद. तुझं कार्ड मिळालं. तीनदा वाचलं. तू लिहितोस: ‘दाजी, आक्का पत्रं घेते, पण फोडत नाही. मला वाचू देत नाही. म्हणते, मला लिहिल्यात न्हवं, मग मीच वाचणार. दिवाळीपासून शाळेत प्रौढांचा वर्ग सुरू झालाय, त्यात ती जाते. बाराखडी झाली. आता सोपे शब्द जुळवून वाचते, लिहितेही.’

म्हणजे मी तीन पत्रांत तुला सावकाश वाच, थांब, लोकांना बोलव म्हणत राहिलो आणि तिकडं पाकीटसुद्धा फुटलं नव्हतं. पहिल्यांदा मला राग आला. खरं सांगायचं तर तुझ्यावर आला. मास्तर आहेस, दोन ओळी वाचून दाखवल्या असत्यास तर काय बिघडलं असतं असं वाटलं. मग वाटलं, ती पहिली दोन पत्रं तिच्या गाठोड्यातनं काढून चुलीत घाल असं तुला लिहावं. पण नको. तिला वाचता येईल तेव्हा वाचू दे. त्यात जो माणूस आहे तो तिला नवा नाही.

प्रदर्शन परवा संपलं. फॉर्मवर मी ‘नवशिका’ लिहिलं होतं. टेबलं पायरीप्रमाणं मांडली होती, म्हणून माझी पेटी शाळेतल्या मुलांच्या ओळीत आली. पेठेतले लोक बघायला आले आणि हसायला लागले. “वस्ताद, हितं कुठं उभारलाय? तुमची जागा पलीकडं हाय,” असं म्हणाले. मी म्हटलं, हीच माझी जागा आहे. मग तिथंच सगळं सांगितलं. परड्यात किती मासे पुरलेत ते सांगितलं. त्या चार माशांचं सांगितलं. तुझ्या बहिणीला नळावर जे बोललो ते खोटं होतं हेही सांगितलं. माझी जीभ सारखी अडखळत होती. सेटवर नट लोक चार-चार वेळा वाक्य चुकायचे तेव्हा मी हसायचो.

कुणी पाठीवर हात ठेवला नाही. शालूबाई तेवढ्या म्हणाल्या, “ह्ये तवा नळावर बोलला असता, तर ती गाडीत बसली नसती.” एवढं बोलून त्या भांड्यांच्या दुकानाकडं निघून गेल्या. मी पाच वाजेपर्यंत टेबलाशी उभा होतो. नवशिक्यांत पहिला नंबर आठवीतल्या एका मुलीला मिळाला. तिच्या सोनेरी माशाला दोन वर्षं झालीत. मी तिला विचारलं, काय करतेस? ती म्हणाली, “काही नाही हो काका. आई हात लावू देत नाही.”

सोबत एक घडी घातलेला कागद आहे. तो तिला दे. मोठ्या अक्षरांत आणि सोप्या शब्दांत लिहिलाय. आधी दोन वेळा लिहून फाडला, कारण मी स्वतःची बाजू मांडायला लागलो की शब्द अवघड होतात आणि कागद भरतो. तू तो उघडू नकोस. वाचताना तिचं कुठं अडलं तरी पुढं होऊन सांगू नकोस. तिला लागेल तेवढा वेळ लागू दे.

आकाराम

चिमणा,

हा मी आकाराम. सावकाश वाच. घाई नाही.

ते चार मासे तू मारले नाहीस. तू चाळीस दिवस जगवले. मी एका रातीत मारले.

नळावर लोकांपुढं मी बोललो ते खोटं होतं. आता लोकांपुढं मी तसं सांगितलं.

बनी तापानं गेली. तू रातभर तिला मांडीवर घेऊन बसली होतीस. मला तीन वेळा उठवलंस. मी उठलो नाही. मी कूस बदलून झोपलो.

हे मी कुणाला सांगितलं नाही. तूही कुणाला सांगितलं नाहीस.

घरी ये असं मी लिहीत नाही. राग असेल तर तो लिही. सगळा लिही. आता तुला लिहिता येतं.

आकाराम